अलॉयच्या पाठीवर काय लिहिलंय आणि पॉलिसीत काय लिहायला हवं

साताऱ्यात पोवई नाक्यापासून थोडं पुढे आमचं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. वडिलांनी पंक्चरच्या टपरीपासून सुरुवात केली. आता मशीनवर भाऊ असतो आणि काउंटरवर मी. बिलं करता करता मी पीओएसपीचं, म्हणजे विमा विकणाऱ्या प्रतिनिधीचं, पंधरा तासांचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि गाड्यांचा विमाही उतरवायला लागले. त्यामुळे एकाच गाडीचं चाक आणि त्याच गाडीची पॉलिसी, दोन्ही माझ्या नजरेखालून जातात. चाकावर एक आणि कागदावर भलतंच, असं किती वेळा दिसतं म्हणून सांगू! हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याकडचे एक नेहमीचे गिऱ्हाईक, हायस्कूलचे शिक्षक, पुण्याहून येताना खंबाटकी घाटात दुभाजकाला घासले. माणसांना काही झालं नाही, देवाची कृपा. पण डाव्या बाजूचे दोन्ही अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमची चाकं, फुटले, लोअर आर्म वाकला, बंपर गेला. गाडी सेकंडहँड घेतलेली स्विफ्ट व्हीएक्सआय. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने आरसी पाहिली, चाकं पाहिली आणि विचारलं, "व्हीएक्सआयला अलॉय कुठून आले?" पॉलिसीत नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजच्या रकान्यात शून्य होतं. बंपरचे मिळाले, आर्मचे मिळाले, टायरचे निम्मे मिळाले. अलॉयचे साडेचौदा हजार सरांनी खिशातून भरले. "अगं, गाडी घेतली तेव्हापासून होते ते, मी कुठं बसवले?" असं सर मला म्हणत राहिले. त्यांचं खोटं काहीच नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं की आपल्या गाडीची चाकं कंपनीतून आलेली नाहीत.

म्हणून पहिलं काम ओळखण्याचं.

गाडीवरचे अलॉय तीन प्रकारचे

पहिले, कारखान्यातून गाडीबरोबर आलेले. व्हेरियंटच्या किमतीतच ते धरलेले असतात, म्हणून आयडीव्हीतही, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीतही, येतात. वेगळं काही कळवायचं नाही.

दुसरे, शोरूममध्ये डिलिव्हरीच्या वेळी बसवून घेतलेले 'जेन्युइन ॲक्सेसरी'. माल कंपनीचाच, डब्यावर कंपनीचं नाव, तरी गाडीच्या छापील किमतीत ते नसतात. फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. लोकांना वाटतं शोरूमने बसवलं म्हणजे विम्यात आलं. येत नाही. ॲक्सेसरीचं बिल वेगळं झालं असेल, तर विम्यातही ते वेगळं लिहावं लागतं.

तिसरे, बाहेरच्या दुकानातून घेतलेले. आमच्याकडे त्यांना अजून 'मॅगव्हील' म्हणणारी माणसं आहेत. हे तर कळवायचेच.

आपल्या गाडीवर यातले कोणते हे शोधायला आरसी काढा आणि मॉडेलच्या ओळीत व्हेरियंट बघा. मग त्या वर्षाच्या ब्रोशरमध्ये त्या व्हेरियंटला काय चाकं होती ते तपासा. २०१८ साली आलेल्या स्विफ्टला एलएक्सआय आणि व्हीएक्सआयमध्ये १४ इंची लोखंडी डिस्क, वर १६५/८० आर १४ टायर. झेडएक्सआयला १५ इंची चाकं, १८५/६५ आर १५. म्हणजे व्हीएक्सआयवर १५ इंची अलॉय दिसला की तो मागाहून बसवलेला, एवढं आरसीवरूनच कळतं.

काही गाड्यांना लोखंडी डिस्कवर असा छान कव्हर असतो की अलॉयच वाटावा. शंका आली तर फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या आणि कव्हरच्या फटीतून धातूला लावा. लोखंडाला चिकटेल, ॲल्युमिनियमला नाही. फक्त कडेला बॅलन्सिंगची वजनं लावलेली असतात, ती लोखंडी असतील तर चुंबक त्यांना चिकटेल, तिथे फसू नका.

आणि मधल्या टोपीवरच्या लोगोवर विश्वास ठेवू नका. तशा टोप्या बाजारात सुट्या मिळतात.

चाक उतरवून पाठ वाचा

खरी माहिती अलॉयच्या पाठीला असते. त्यासाठी मुद्दाम जॅक लावायची गरज नाही. टायर रोटेशन किंवा बॅलन्सिंगला गाडी नेली की चाकं उतरतातच. तेव्हा फडक्याने पाठ पुसा आणि चारही चाकांचे फोटो काढा. घरी उतरवणार असाल तर सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, दुसऱ्या बाजूच्या चाकामागे दगड, आणि नट चाक जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून मग जॅक. जॅकवरच्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत.

आता पाठीवर काय दिसतं?

'१५ × ६ जे' असं काहीतरी असेल. १५ इंच व्यास, ६ इंच रुंदी, 'जे' म्हणजे टायर जिथे बसतो त्या कडेचा आकार. शेजारी 'ईटी ४५' असेल. हा ऑफसेट. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि चाक हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकतं ती जागा, यांच्यातलं मिलिमीटरमधलं अंतर. ईटी कमी झाला की चाक बाहेर येतं, वाढला की आत जातं. लोक फक्त इंच विचारतात आणि ऑफसेट सोडून देतात, त्यामुळे पुढे टायर फेंडरला घासतो. हिशेब सोपा आहे. जुनं चाक साडेपाच इंच रुंद, ईटी ४५ आणि नवं साडेसहा इंच, ईटी ३८ असं धरा. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर. त्यात ऑफसेटचे ७ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला मिळवा. चाकाची बाहेरची कड जवळजवळ २० मिलिमीटर बाहेर आली. खड्ड्यात सस्पेन्शन दबलं, चाक वळवलं, की हे २० मिलिमीटर कुठे घासतात ते गाडीच सांगते.

मग पीसीडी. नट बसतात त्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांचं केंद्र ते केंद्र मोजा, झालं. पाच भोकांना समोरासमोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांचं केंद्र ते केंद्र मोजून त्याला १.७०१ ने गुणा. ६७.२ मिलिमीटर आलं तर पीसीडी ११४.३. ५८.८ आलं तर १००. स्विफ्ट, बलेनो, आय-२०, होंडा सिटी यांना ४ × १००. क्रेटा, इनोव्हा यांना ५ × ११४.३. भारतातल्या पोलोला ५ × १००.

पीसीडीत 'जवळपास' चालत नाही. फियाटच्या पुंटो आणि लिनियाला ४ × ९८ आहे. दोन मिलिमीटरचाच फरक म्हणून ४ × १०० चे अलॉय त्यांच्यावर ओढून बसवलेले मी पाहिलेत. बोल्ट आवळला जातो, पण तिरका जातो. चाक हबवर सरळ बसतच नाही आणि बोल्टवर रोज वाकडा ताण पडत राहतो. वडील असं चाक आलं की पुन्हा चढवून देत नाहीत. गिऱ्हाईक चिडलं तरी स्टेपनी आणि जुन्या डिस्क लावून पाठवतात.

मधल्या भोकाला सेंटर बोअर म्हणतात. स्विफ्ट, आय-२० यांचा हब ५४.१ मिलिमीटरचा, सिटीचा ५६.१. बाहेरचे अलॉय बऱ्याच गाड्यांना चालावेत म्हणून मोठ्या भोकाचे करतात, ६७.१ किंवा ७३.१ चे. मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर बॅलन्सिंग कितीही करा, ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरणारच. दुकानात दर आठवड्याला अशी एखादी गाडी येते, 'तीन ठिकाणी बॅलन्सिंग केलं, जातच नाही' म्हणत. रिंग घातली की थरथर थांबते.

'मॅक्स लोड' म्हणून किलोचा आकडा असतो, समजा ६९०. एका चाकाने उचलायचं ते वजन. भरलेल्या गाडीच्या जड ॲक्सलवर जेवढं वजन येतं, त्याच्या निम्म्यापेक्षा हा आकडा जास्त हवा. सात सीटरवर हॅचबॅकचे अलॉय लावणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा.

आता खुणा. 'जेडब्ल्यूएल' हा जपानच्या हलक्या धातूच्या चाकांच्या मानकाचा शिक्का. चाक त्या मानकाला उतरतं असं बनवणारा स्वतः सांगत असतो. सोबत 'व्हीआयए' असेल तर तिथल्या त्रयस्थ संस्थेकडे चाचणी होऊन नोंद झाली असा अर्थ. आपल्याकडे बघायचं ते आयएसआय चिन्ह, आयएस १६१९२ हा आकडा आणि सीएम/एल पासून सुरू होणारा लायसन्स नंबर. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं, कशासाठी आणि चालू आहे की नाही हे कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, अलॉय विकत घेताना दुकानातच उभं राहून करा. ज्या चाकाच्या पाठीवर ना माप, ना लोड, ना चिन्ह, ते चाक आमच्या दुकानातून विकलं जात नाही.

कंपनीच्या अस्सल अलॉयवर पार्ट नंबर किंवा त्याचं लेबल सापडतं. सुझुकीच्या चाकांचा नंबर ४३२१० ने सुरू होतो, ह्युंदाईचा ५२९१० ने, होंडाचा ४२७०० ने, टोयोटाचा ४२६११ ने. दिसायला हुबेहूब असलेल्या नकलेवर हा नंबर सहसा नसतो.

माझी सगळ्यात आवडती खूण मात्र तारखेची. बऱ्याच चाकांच्या पाठीवर छोट्या घड्याळासारखा गोल असतो. मधे वर्षाचे दोन आकडे, भोवती १ ते १२, आणि एक बाण. बाण ज्या आकड्यावर, त्या महिन्यात चाक ओतलं गेलं. हे आरसीवरच्या गाडीच्या निर्मितीच्या महिन्याशी ताडून बघा. गाडी मार्च २०१८ ची आणि चाक ऑगस्ट २०२० चं, म्हणजे ते चाक त्या गाडीबरोबर जन्मलेलं नाही. एकाच चाकाची तारीख वेगळी असेल, तर ते कधीतरी फुटून बदललेलं. सेकंडहँड गाडी घेताना ही एक खूण बघितली तरी विकणाऱ्याला विचारायला चार प्रश्न मिळतात. शिक्षकांच्या गाडीवरही ही तारीख होती. अपघातानंतर फुटलेल्या चाकावर आम्ही ती वाचली, गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवी.

नटाबद्दल थोडं जास्त बोलते

कारण यात जिवाशी गाठ आहे, आणि नट कोणी बघत नाही.

नट चाकाला जिथे टेकतो ती बैठक वेगवेगळ्या आकारांची असते. मारुती-ह्युंदाईची साठ अंशांची, म्हणजे शंकूसारखी. होंडाच्या कंपनीच्या चाकांची बैठक गोल, अर्ध्या गोटीसारखी, आणि नटही तसाच गोल. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या अलॉयना सपाट वॉशरचा नट. बाजारातले अलॉय जवळजवळ सगळे साठ अंशांचे. होंडा सिटीवर बाजारातले अलॉय चढवून कंपनीचेच गोल नट आवळले, की नट पूर्ण टेकत नाही, एका बारीक रेषेवर टेकतो. पाना कडक लागतो, माणसाला वाटतं बसला. पाचशे किलोमीटरनंतर तोच नट ढिला.

असं झालेली एक सिटी आमच्याकडे आली होती. महाबळेश्वरहून उतरताना मागून टकटक आवाज येतो म्हणून मालक कंटाळले होते. भावाने चाकाला हात लावला आणि हलवलं तर चाक हललं. चारपैकी दोन नट बोटांनी फिरत होते. केळघराचे वळण उतरून ते कुटुंब तशा चाकावर आलं होतं. त्यांच्या मागच्या सीटवर दोन मुली होत्या. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नटांचा नवा संच काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

तेव्हा नवे अलॉय घेताना नट त्यांच्याबरोबरचे घ्या आणि आटा जुळतो का बघा. सुझुकीचा आटा १२ × १.२५, ह्युंदाई आणि होंडाचा १२ × १.५. दोन्ही बाराचेच, एक-दोन वेटोळे फिरतातही, आणि जोर लावला की स्टडचा आटा जातो. नट आधी हाताने पाच-सहा वेटोळे सहज फिरला पाहिजे. आवळताना समोरासमोर आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, आणि साठ-सत्तर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

जुने नट टाकू नका. स्टेपनी बहुतेक वेळा लोखंडी डिस्कचीच राहते, तिला तेच लागतात. चार नट पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीत ठेवा. लॉक नट लावले असतील तर त्याची चावीही तिथेच. रात्री अकरा वाजता कराडजवळ पंक्चर झालं आणि चावी घरच्या कपाटात असेल, तर कोणीही काही करू शकत नाही.

किती मोठं चाक चालेल

माझी मर्यादा सरळ आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने जे माप दिलंय, तिथपर्यंतच. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर टायरच्या हवेचा जो स्टिकर असतो, त्यावर मापं असतात.

टायरचा बाहेरचा व्यास सारखा राहिला पाहिजे. १६५/८० आर १४ चा व्यास असा काढायचा : १४ गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६, आणि १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२, ते वर-खाली मिळून २६४. बेरीज ६१९.६ मिलिमीटर. १८५/६५ आर १५ चा येतो ६२१.५. दोन मिलिमीटरसुद्धा फरक नाही, म्हणून स्विफ्टला हे चालतं. १९५/६० आर १६ लावला तर ६४०.४ होतो, तीन टक्क्यांहून जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ ने पळत असेल.

कायद्याचंही सांगते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. कंपनीने मान्य केलेल्या मापाचे अलॉय एक गोष्ट, फेंडरबाहेर आलेली अठरा इंची चाकं दुसरी. विमा कंपनीला कळवलं म्हणून बेकायदा बदल कायदेशीर होत नाही, हेही लक्षात ठेवा. पुढच्या बंपरवरच्या बुलबारचं तेच. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्यावर कारवाईच्या सूचना दिल्यात. तो पॉलिसीत लिहून घेण्यापेक्षा काढून ठेवावा.

पॉलिसीत कुठे आणि किती

पॉलिसीच्या पहिल्या पानावर आयडीव्हीचा तक्ता असतो. गाडी, नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज, इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज, सीएनजी किंवा एलपीजी किट, आणि शेवटी एकूण. अलॉय नॉन-इलेक्ट्रिकलमध्ये येतात. म्युझिक सिस्टीम, जादाचे फॉगलॅम्प इलेक्ट्रिकलमध्ये. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर आधी आरटीओत आरसीवर नोंद, मग पॉलिसीत. मोबाइलवर रिन्युअल करताना 'ॲक्सेसरीज आहेत का' हा प्रश्न येतो आणि पाच सेकंदांत 'नाही' दाबलं जातं. विमा हा पूर्ण विश्वासावरचा करार आहे. तिथे दाबलेलं 'नाही' हे तुमचं निवेदन ठरतं.

रक्कम बिलाप्रमाणे, पण घसारा वजा करून. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. गाडीच्या आयडीव्हीला जो हिशेब, तोच ॲक्सेसरीला. अलॉय ३२,००० चे आणि अडीच वर्षं झाली, तर २२,४०० लिहायचे. फुगवून लिहून उपयोग नाही, हप्ता जास्त जाईल आणि क्लेममध्ये सर्व्हेअर खरी किंमतच धरेल.

जादा हप्त्याची लोकांना धास्ती असते, म्हणून आकडाच दाखवते. तुमच्या पॉलिसीवरचा ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) मूळ हप्ता आयडीव्हीने भागा. समजा आयडीव्ही पाच लाख आणि हप्ता ८,०००, म्हणजे १.६ टक्के. ३०,००० च्या अलॉयचे झाले ४८०. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५६६ रुपये. वर्षाचे. नो क्लेम बोनस असेल तर त्याहून कमी. शिक्षकांचे साडेचौदा हजार आठवले की मला हे ५६६ फार थोडे वाटतात. इलेक्ट्रिकल वस्तूंना जुन्या मोटार टॅरिफप्रमाणे किमतीच्या ४ टक्के लागत, आजही बऱ्याच पॉलिसींत तोच दर दिसतो.

कळवायचं कधी? बसवले त्याच आठवड्यात. वर्षाच्या मध्येही एन्डॉर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत बदलाची नोंद, होते, उरलेल्या महिन्यांचाच हप्ता लागतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. त्याच अर्जात अलॉयही लिहा. अपघातानंतर कळवलं तर काही उपयोग होत नाही.

बिल नसेल तर? मी चाकांचे फोटो आणि त्याच मापाच्या अलॉयचं आजचं कोटेशन जोडून पाठवते आणि कंपनीला इन्स्पेक्शन लावायला सांगते. मागच्या तारखेचं बिल बनवून मागायला लोक आमच्याकडे येतात. ते आम्ही देत नाही, कुठल्याच दुकानाने देऊ नये. खोटं बिल उघडं पडलं तर अख्खा क्लेम जातो.

मी पाठवते तो ईमेल साधारण असा :

"माझी पॉलिसी क्रमांक अमुक, गाडी क्रमांक अमुक. गाडीस दि. अमुक रोजी मूळ लोखंडी डिस्कऐवजी चार अलॉय व्हील बसवले आहेत. माप १५ × ६ जे, ईटी ४५, पीसीडी ४ × १००, उत्पादक अमुक, आयएसआय लायसन्स क्रमांक अमुक. टायर १८५/६५ आर १५, जे याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचे माप आहे. बिलाची रक्कम अमुक. गाडीचे चार बाजूंचे, चारही चाकांचे समोरून व पाठीमागून फोटो आणि बिलाची प्रत जोडली आहे. या वस्तूंचा नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजमध्ये समावेश करून एन्डॉर्समेंट द्यावी आणि जादा हप्ता कळवावा."

फोनवर सांगितलेलं धरू नका. एजंटला सांगितलं तेही धरू नका, मी स्वतः एजंट असून हे म्हणते. ईमेल हवा आणि उत्तर हवं.

क्लेमच्या वेळी काय मिळतं हेही आधीच माहीत असलेलं बरं. अलॉय 'इतर भाग' म्हणून धरला जातो आणि गाडीच्या वयानुसार घसारा कापला जातो. पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५. टायरचे निम्मेच, आणि तेही गाडीला त्याच वेळी दुसरं नुकसान झालं असेल तरच. नुसता खड्ड्यात टायर फाटला तर साध्या पॉलिसीत काही नाही, त्यासाठी टायरचं वेगळं ॲड-ऑन लागतं. त्यात रिम धरलीय की नाही हे त्याच्या कागदात वाचा. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे १,००० रुपये तुमच्या वाट्याचे असतात. म्हणून एका अलॉयला ओरखडा आला एवढ्यासाठी क्लेम टाकू नका, बोनस जाईल. रात्रीत चारही चाकं चोरीला गेली, गाडी विटांवर उभी सापडली, तर मात्र गाडीला हात न लावता फोटो, पोलिसांत तक्रार आणि त्याच दिवशी कंपनीला कळवणं, या क्रमाने.

कळवलेलं असूनही नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, वकील लागत नाही, फी नाही. कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं.

एन्डॉर्समेंटचा कागद आला की फाइल करण्याआधी तक्ता बघा. गेल्या महिन्यात शिक्षकांची नवी पॉलिसी आली, चार नव्या अलॉयची. हप्ता घेतलेला, ईमेलला उत्तर आलेलं, आणि रकान्यात पुन्हा शून्य. छापताना राहिलं होतं. मी काउंटरवरूनच फोन लावला, मग ईमेल केला. तिसऱ्या दिवशी दुरुस्त कागद आला : नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज, २९,५००. सरांनी त्याची एक झेरॉक्स डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आणि एक मला दिली.